आगळ कोणी नेली

ता. ६ फेब्रु. ५६, सोमवार. धनज

आ. सत्तारभाई मिस्त्री, सकाळी. गे. दिवस मावळता.

इथं ना फाटक ना साहेब, तरी हात आपोआप असंच लिहितो. सयामात, ब्यांकॉकात सहा वर्षं साहेबाच्या बंगल्यावर चौकीदारी केली. कोण आलं, कोण गेलं, रोज वहीत टाकायचं. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढं जमलं. आता नाही लिहिलं तर दिवस उघडा राहिल्यासारखा वाटतो.

भिंती चौकटीच्या वर गेल्या. २४ मार्चला मला निघायचं आहे. मूर्तिजापूर, कलकत्ता, पुढं बोट. तेवढ्यात छपरावर कवेलू पडली पाहिजेत आणि कौतिका नव्या घरात राहायला गेली पाहिजे. लग्नाला सात वर्षं, त्यातली सहा मी सयामात आणि ती दादाच्या घरात. आता माय आणि ती, दोघीच नव्या घरी राहतील. म्हणून घर असं पाहिजे की बाहेरच्याचं बोट आत शिरायला नको.

कौतिका अजून एकदाही घर पाहायला आली नाही. काहून? विचारलं तर म्हणे, "पाहीन ना. कुठं पळून राह्यलं ते."

ता. ९, गुरुवार

सत्तारभाईशी वाजलं. मागचं दार नको म्हटलं, तिथं भिंत घाला. तिकडे बंगल्याच्या मागं पाण्याचा कालवा. चोर नावेतून यायचा, मागच्या दारानं शिरायचा. पुढच्या फाटकावर मी काठी घेऊन उभा, मागून घर साफ. चोर कधी पुढून येत नाही.

सत्तारभाई रंधा थांबवून म्हणतात, "अरे भाई, धनजमधे कालवा कुठं हाय? मागं तुह्या वयनीचं आंगन हाय. बाई लोकं भांडे घासाले कुठून जातीन?"

"पुढून जातीन."

"खिडकीले सळया, मागं भिंत. घर बना रहा या थाना?"

गवंडी हसले. मी हसलो नाही. भिंत घालून घेतली.

दादा संध्याकाळी येऊन पाहून गेला. भिंतीवर हात फिरवला, बोटानं माती उकरून पाहिली. दादा बोलत नाही तेव्हा मला जास्त...

ता. १३, सोमवार

आ. माय, दुपारी. गे. लगेच नाही, बराच वेळ बसली होती. चौकटीला हळद लावली. मग बाबांचंच काढलं.

बाबा गेले तेव्हा मी तिकडे. दादाचं पत्र दोन महिन्यांनी भेटलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी मायनं रिवाजाप्रमाणे बाबा गेले त्या जागी राख चाळून पसरली, दिवा ठेवला, वर टोपली झाकली. गेलेल्याचं पाऊल राखेत उमटते, त्यावरून पुढचा जलम कळते. सकाळी टोपली उचलली तं राख कोरी. ना माणसाचं पाऊल ना पाखराचं.

"कुठं अडकले असतीन रे?" तीन वर्षं झाली, अजून तेच विचारते. मला काय माहीत? मी म्हटलं, "माय, वारा लागला असन." तर रागावली. "टोपलीखाली वारा?"

ता. १८, शनिवार

आगळ तयार झाली. दाराला आतून आडवी घालायची, बाभळीची, मनगटाएवढी जाड, अडीच हात लांब. दोन्हीकडे भिंतीत खाचे. घातली की बैलानं धडक दिली तरी दार हलायचं नाही. सत्तारभाईनं काम चोख केलं, तोंड वाईट असलं तरी.

आज कौतिका आली. पहिल्यांदा. डोक्यावर पदर, हातात आमची भाकर. दारात उभी राहिली, जिथं मागचं दार होतं त्या भिंतीकडे पाहत राहिली. मी म्हटलं, आगळ उचलून पाह्य, लावता आली पाहिजे. तिनं उचलली, घातली. दोघं आत, दार बंद. खिडकीच्या सळयांची सावली तिच्या अंगावर. पुन्हा काढली.

"लय जड हाय."

"जडच पाह्यजे."

"हाव." एवढंच. पण ते हाव कसं म्हणाली ते मला आवडलं नाही.

ता. २२, बुधवार

आगळ नाही!

काल संध्याकाळी भिंतीला टेकवून ठेवली होती. आज आंघोळ करून गेलो (पाणी आज चांगलं कढत होतं, रोज कोमट असते) तर जागा रिकामी. बाकी सगळं जागच्या जागी. सत्तारभाईची करवत, पटाशी, खिळे, काहीच गेलं नाही. करवत सोडून लाकूड नेणारा चोर कसला?

सत्तारभाई म्हणतात, "होळीचे पोट्टे नेले असतीन. लाकडं चोराचेच दिवस हायेत." होळीला महिना आहे. आणि बाहेर एवढा लाकूडफाटा पडला तो सोडून घरात शिरले?

दादाला विचारलं. तो खळ्यात बसून दावं वळत होता.

"आगळ पाह्यजे तं माह्या घरची ने. तिले कोनी हात लावत नाही."

"तू काल आल्ता ना तिकडे?"

दावं खाली ठेवलं त्यानं. "गुनवंता, तू चोर शोधून राह्यला का मले?"

म्हणजे आला होता.

ता. २३, गुरुवार

झोप नाही. तिकडची गोष्ट आठवत राहिली. साहेबाचे चांदीचे चमचे गेले तेव्हा पहिली पेटी माझी उपडी केली. मी अंगणात उभा, हात मागं. बाईसाहेब वरच्या पायरीवरून पाहून राह्यली. माझे दोन सदरे, आरसा, घरची पत्रं, सगळं गवतावर. चमचे चार दिवसांनी खानसाम्याच्या घरी निघाले. माझी पेटी मीच भरली.

इथं आलो तेव्हा मायला आणि कौतिकाला हे सांगितलं होतं. कशाला सांगितलं? पण एक गोष्ट तेव्हा शिकलो. चोर घरातला असतो.

ता. २७, सोमवार

दुसरी आगळ. हिच्या खालच्या अंगाला चाकूनं दोन खुणा केल्या, कोणाला न सांगता. आता कुठंही सापडली तरी ओळखीन.

ता. २ मार्च, शुक्रवार

आ. कोणी नाही. सत्तारभाई कारंजाला, पोरीचं लग्न जमते आहे. गवंड्यांना सुट्टी. मला खिळे आणि कड्या आणायला कामरगावला जाणं आहे. घर दिवसभर मोकळं. चांगलं आहे. ज्याला यायचं त्यानं यावं.

तिकडे गोरखपूरचे एक म्हातारे चौकीदार होते, तिवारीकाका. त्यांनी शिकवलेली युक्ती. चुलीतली राख चाळायची, पिठासारखी करायची, उंबऱ्याच्या आत पातळ पसरायची. बाहेरून उजेडात दिसत नाही. येणारा आपली सही करून जातो.

न्हाणीच्या चुलीतली राख काढली, वहिनीच्या चाळणीनं चाळली. वहिनी म्हणे, "भावजी, दात घासाले एवढी राख?" मी म्हटलं, हाव.

संध्याकाळ. आलो. आगळ गेली. आणि पाऊल आहे.

ता. ३, शनिवार

पावलं चार. दोन आत, दोन बाहेर. अनवाणी. अरुंद. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली आडवी रेघ, दोन्ही पायांना. जोडव्यांची. म्हणजे लग्नाची बाई, नवरा जिवंत. माय नाही. वहिनी का कौतिका?

वहिनीचा पाय रुंद, टाचा फुटलेल्या. आज ती अंगण सारवत होती, ओल्या शेणात तिचं पाऊल पाहिलं. ते हे नाही.

डाव्या पायाची करंगळी वाकडी आहे, बाहेर वळलेली. ती कोणाची ते मला ठाऊक नव्हतं. लग्नाला सात वर्षं, मी बायकोचा पाय कधी पाहिलाच नव्हता. आज जेवायला वाढताना पाहिला.

कौतिकाच.

दार मोकळं पाहिजे कोणासाठी? आगळ नको कोणासाठी? मी सहा वर्षं नव्हतो. सहा वर्षांत काय काय...

ता. ४, रविवार

लिहू का नको. लिहितो.

ती विहिरीवर गेली तेव्हा तिची पेटी उघडली. कुलूप खिळ्यानं निघालं, तेवढं मला येते. आत दोन लुगडी, माझा खाकी कपड्यातला फोटो, कुंकवाची डबी, आणि माझी पत्रं. सगळी. तिला वाचता येत नाही, तरी तारखेनं लावलेली. कोणाकडून लावून घेतली?

आगळ अडीच हात. पेटी हातभर. हे पेटी उघडल्यावर ध्यानात आलं. मग मी शोधत काय होतो?

डोकं वर केलं तर ती दारात. कमरेवर घागर.

"आगळ सापडली का पेटीत?"

तिनं घागर उतरवली, पेटीजवळ बसली, एकेक वस्तू परत ठेवली.

"साहेबानं तुमची पेटी उपडी केली तवा तुमी काय म्हनलं?"

"काईच नाही म्हनलं."

"मंग मीबी नाही म्हनत."

ता. ७, बुधवार

आ. गवंडी. गे. संध्याकाळी. कवेलू अर्धी झाली. खुणेची आगळ कुठंच नाही. होळीच्या लाकडात पाहिली, कडब्याच्या गंजीत पाहिली, दादाच्या माळ्यावर पाहिली.

ती बोलते. पाणी ठेवलं, भाकर झाली, असंच.

ता. ११, रविवार

कवेलू पुरी झाली. आतून बाहेरून सारवण झालं. तेरा दिवस राहिले. सत्तारभाईनं तिसरी आगळ आणून दिली आणि म्हणाले, "बाबू, बाभूळ संपून राह्यली. कोन नेते समजलं का?" मी म्हटलं, नाही.

दिवस मावळायच्या आत पुन्हा राख पसरली. काहून पसरली? आता तर माहीत आहे कोण. पण ती एकटी येते का, आणखी कोणाचं पाऊल असते, हे कळलं पाहिजे. कळलं नाही तर बोटीत बसून मी काय करू? परत येईपर्यंत तोच विचार. पसरून वळलो तर ती दादाच्या अंगणात शेंगा निवडत बसलेली. माझ्याकडे पाहिलं, हातातल्या चाळणीकडे पाहिलं. खाली मान घातली.

ता. १२, सोमवार

सकाळी मायची हाक. धावलो. मला वाटलं, साप.

माय नव्या घराच्या दारात गुडघे टेकून बसलेली. हळदीची वाटी बाजूला सांडली. राखेत एकच पाऊल. डावं. आत जाणारं. स्वच्छ उमटलेलं, साच्यात घातल्यासारखं.

"गुनवंता, तुहे बाबा आले रे! पाह्य. मानसाचं पाऊल. मानसाचाच जलम भेटला त्याईले!"

आणि रडत होती, हसत होती. मला तिनं जवळ ओढलं. "तू पसरली ना राख? मले न सांगता? तू नव्हता ना तवा, म्हनून ते थांबले. पोराची वाट पाहून राह्यले होते."

राख म्हणजे मायला काय, हे मला काल सुचलंच नाही. बंगल्याच्या युक्त्या डोक्यात, मायची टोपली डोक्यातून गेली. माय, ही राख चोर पकडायला होती, असं कोणत्या तोंडानं सांगू? आणि चोर कोण, ते?

मी पाऊल पाहिलं. करंगळी बाहेर वळलेली. पण जोडव्यांची रेघ नाही.

गावातल्या बाया आल्या. दादा आला, त्यानं हात जोडले. वहिनी म्हणे, "मामंजीचा पाय एवढा लहान होता का?" माय म्हणाली, "मेल्यावर मानूस हलकं होते." कौतिका सगळ्यांच्या मागं, पदर खाली ओढून. मायनं पावलावर टोपली झाकली. कोणी हात लावायचा नाही.

ता. १३, मंगळवार

जेवताना तिच्या पायाकडे पाहिलं. जोडवी आहेत. पण डाव्या पायाचं बोट सुजलं आहे, लाल. सात वर्षं न निघालेलं जोडवं ओढून काढावं आणि पुन्हा घालावं, तसं.

जिचा नवरा जिवंत ती जोडवं काढत नाही. आणि राखेत पाऊल तर...

मायसाठी केलं? का मला रेघ सापडू नये म्हणून? का मी नसल्यासारखाच आहे, असं मला सांगायचं होतं? तिन्ही खरं वाटते. विचारायची हिंमत नाही.

ता. १७, शनिवार

आ. सत्तारभाई, पहार घेऊन.

मायचा हुकूम. मागची भिंत फोडायची, तिथं दार करायचं. "ते वावरातून नेहमी मागच्या दारानंच येत. पुढून कधी आले ते?" खरं आहे, बाबा चिखलाचे पाय घेऊन मागूनच यायचे.

सत्तारभाईनं पहार घातली. मला ऐकू येईल असं म्हणाले, "थान्याचं घर होऊन राह्यलं, भाई. चांगलं झालं." भिंतीला भोक पडलं आणि पलीकडे वहिनीचं अंगण दिसलं, भांडी घासत बसलेली वहिनी दिसली. तिनं राखेचा हात वर करून कौतिकाला खुणावलं. कौतिका हसली. मी आल्यापासून तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मायच्या डोक्यात मागचं दार कोणी घातलं? मायचं ते मायलाच सुचलं असेल. असेल.

ता. २०, मंगळवार

आज नव्या घरात पहिली चूल पेटली. जेवणं झाल्यावर माय दादाकडे गेली. दोघंच होतो. मी विचारलं.

"दोन आगळी कुठं हायेत?"

"तुमच्या आंगोयीच्या पान्याखाली. एक त्या दिवशी, एक नंतर तुकडे करून चार दिवस. वयनीची कुऱ्हाड घेतली."

म्हणजे कढत पाणी. आणि चाळून पसरली ती राखही आगळीचीच.

"काहून?"

ती बोलली ते जसं आठवते तसं लिहितो. "सहा वर्स दादाच्या घरी आगळ पडून होती, दाराले नुसती कडी. कोनी आलं नाही. तुमीबी आले नाही. आता म्हनता आतून आगळ लाव. आगळ घालून पाह्यली मी त्या दिवशी. असं वाटलं का मले कोनीतरी बांधून ठेवलं अन् गाठ माह्याच हातानं माराले लावली."

मी म्हटलं, "चोराचिलटाची भीती असते. मी तिकडे..."

"साहेबाचं घर साहेबासाठी राखता. हे कोनासाठी राखून राह्यले?"

"तुह्यासाठी."

"का माह्यापासून?"

मी वहीत पाहिलं, तिच्याकडे नाही. जोडव्याचं विचारायचं होतं. ते राहिलं.

ता. २३, शुक्रवार

सामान बांधलं. तिसरी आगळ दाराशेजारी उभी आहे. कोणी नेली नाही. मी कौतिकाला म्हटलं, ही सत्तारभाईला परत देतो.

"राहू द्या. लावाची का नाही ते मी पाहीन."

चौकीदाराला हे उत्तर पुरत नाही. पण घेतलं.

ता. २४, शनिवार. कारंजा, टेसनावर

सकाळी मायनं टोपली काढली. पाऊल विस्कटलं होतं, कवेलूतून मुंगळे आले असतील. माय म्हणाली, आता ही नदीत सोडा. कौतिकानं राख भरली, मी सयामहून आणलेल्या बिस्किटाच्या डब्यात. नदीवरून आली तर डबा अर्धा भरलेला.

"सगळी सोडली नाही?"

"थोडी राहू दिली."

"कायले?"

"लागन." डबा फळीवर ठेवला, माझ्या फोटोशेजारी.

कोणासाठी लागन, हे विचारलं नाही. मी केव्हा परत येणार, हे तिनंही विचारलं नाही.

दादानं बैलगाडी मागच्या अंगणात आणली होती. मागच्याच दारानं निघालो, पायावर पाणी मायनं घातलं. गाडी कोपऱ्यावर वळताना दादाला म्हटलं, जरा थांबव. आतून आगळ घातल्याचा आवाज येतो का ऐकायचं होतं. बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली, नीट ऐकू आलं नाही. दादा म्हणे, "काय राह्यलं का?"

"नाही. चाल."

गे. गुणवंत, सकाळी.

आ.